पानाची परीक्षा : एका अभ्यासक्षेत्राची प्रस्तावना

बेळगाव जिल्ह्याचा नकाशा उघडून पाहिला, तर एकाच जिल्ह्यात वनस्पतींचे दोन वेगळे संसार नांदताना दिसतात. पश्चिमेला खानापूर तालुक्यात कणकुंबी, जांबोटी या अंगाला सह्याद्रीचे पावसाळी रान आहे. मलप्रभेचा उगम कणकुंबीचा. २०११ साली अभयारण्य म्हणून घोषित झालेले भीमगडचे जंगलही याच बाजूला. बेळगावहून उत्तरेला महामार्गाने सुमारे ७५ किलोमीटर गेले, की निपाणी लागते. इथे पाऊस कमी, रान उघडे. वेदगंगेच्या खोऱ्यात तंबाखूची आणि उसाची शेते, आणि त्यांच्या बांधांवर निर्गुडी, एरंड, कडुनिंब, घाणेरी. या दोन टोकांमधल्या गावांत मराठी आणि कन्नड दोन्ही कानांवर पडतात. चोर्ला घाट उतरला, की कोंकणी सुरू होते. औषधी पानांचा अभ्यास करू पाहणाऱ्याला याहून सोयीचा मुलूख सहजी सापडणार नाही.

ज्या अभ्यासाची ओळख या प्रस्तावनेत करून द्यायची आहे, त्याचा मूळ प्रश्न साधा आहे. एखाद्या पानाचा अर्क रोगकारक जिवाणूंची वाढ थांबवतो का, आणि थांबवत असेल तर कशामुळे? शेतात खुरपे लागले, की दगडीपाला चुरगाळून त्याचा रस जखमेवर पिळायचा. हिरड्या सुजल्या, की पेरूची पाने उकळून त्या पाण्याने गुळण्या करायच्या. अंगावर पुरळ उठले, की कडुनिंबाचा पाला घातलेल्या पाण्याने आंघोळ घालायची. सीमाभागातल्या बहुतेक घरांना हे ठाऊक आहे. घराघरांतला हा अनुभव मोजता येईल अशा रूपात मांडून तपासणे, एवढेच या क्षेत्राचे काम. ते ऐकायला लहान वाटते. करायला घेतले, की वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र आणि आयुर्वेद या चारही दारांवर थाप मारावी लागते.

हे काम आत्ताच करण्याला आणखी एक कारण आहे. २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे दगावली, असा अंदाज ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात पुढे प्रसिद्ध झाला. नवी प्रतिजैविके मिळण्याचा वेग मंद आहे, आणि जुन्यांना जिवाणू सरावत चालले आहेत. अशा वेळी संशोधकांची नजर पुन्हा पानांकडे वळावी, यात भाबडेपणा नाही. पानाला पळून जाता येत नाही. किडा, बुरशी, जिवाणू यांच्याशी त्याला जागच्या जागीच झुंजावे लागते, आणि त्यासाठी ते जी रसायने घडवते, त्यांतली काही आपल्याही उपयोगी पडू शकतात.

निपाणीच्या शेतकऱ्याला हे निराळ्या वाटेने माहीत आहे. तंबाखूचे झाड भरात आले, की तो त्याचा शेंडा खुडतो, मागाहून येणारी बगलफूट काढत राहतो. त्याने पान जाड होते, कडक होते. यामागचे रसायन असे, की निकोटीन तंबाखूच्या मुळांत तयार होते आणि तिथून पानांत चढते. झाडाला इजा झाली, शेंडा तुटला, की त्याचे प्रमाण वाढते. निकोटीन हे झाडाचे किड्यांविरुद्धचे शस्त्र आहे, आणि शेतकऱ्याची खुडणी ते परजायला लावते. वाचकांनी हे एक उदाहरण मनाशी ठेवले, तर पुढचा सगळा विषय सोपा होईल. पानातला गुण कायमचा ठरलेला नसतो. झाडाचे वय, ऋतू, जमीन, पाऊस आणि माणसाचा हात यांनी तो कमीजास्त होतो.

पानांवर भर देण्याला एक नैतिक बाजूही आहे. मूळ उपटले किंवा साल सोलली, तर झाडाच्या जिवावर बेतते. पाने जपून तोडली, तर झाड पुन्हा पालवते. सह्याद्रीतल्या नरक्याची गोष्ट या संदर्भात सांगण्यासारखी आहे. कर्करोगावरील औषधांसाठी लागणारे कॅम्प्टोथेसिन या झाडात सापडल्यावर कोल्हापूर-सिंधुदुर्गाच्या रानांतून त्याची चोरटी तोड झाली, आणि ते दुर्मीळ होत गेले. औषध सापडले तेच झाडाला भोवले. म्हणून या क्षेत्रात येणाऱ्याने पहिल्याच दिवशी स्वतःला विचारावे, की आपण जे शोधतो आहोत ते सापडले, तर या झाडाचे काय होईल?

हा अभ्यास या मुलखात नव्याने अवतरलेला नाही. घाटाखाली गोव्यात राहून गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने इथल्या औषधींवर संवादरूपात लिहिलेला ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. पुढच्या शतकात डच अधिकारी व्हान रीड याने मलबारच्या वनस्पतींवरचा ‘होर्तुस मलाबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात प्रसिद्ध केला. इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे कोंकणी वैद्यही त्या कामात होते, आणि त्यांची नागरी लिपीतली कोंकणी साक्ष ग्रंथाच्या पहिल्या खंडात छापलेली आहे. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर आणि बी. डी. बसू यांचा भारतीय औषधी वनस्पतींवरचा प्रसिद्ध ग्रंथ १९१८चा. मराठीत शंकर दाजीशास्त्री पदे यांचा ‘आर्यभिषक्’ आणि डॉ. वामन गणेश देसाई यांचा ‘औषधीसंग्रह’ आजही वैद्यांच्या कपाटांत दिसतात. नवख्या वाचकाने या परंपरेकडे आदराने पाहावे. तिने आपल्यासाठी प्रश्नांची यादी तयार करून ठेवली आहे. उत्तरे तपासायचे काम मात्र आपले आहे.

ते तपासण्याची सोयही इथे आहे. बेळगावात शहापूरचे बी. एम. कंकणवाडी आयुर्वेद महाविद्यालय १९३३पासून चालू आहे, जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय १९६३पासून. २००६ साली भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचे प्रादेशिक केंद्र म्हणून नेहरूनगरात सुरू झालेली संस्था आज ‘नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ ट्रॅडिशनल मेडिसिन’ या नावाने ओळखली जाते. पारंपरिक औषधांचा अभ्यास हेच तिचे कार्यक्षेत्र. निपाणीची तऱ्हा आणखी वेगळी. गाव कर्नाटकात, पण निपाणीकर ज्याला आपले मानतात ते देवचंद महाविद्यालय अर्जुननगरला, कोल्हापूर जिल्ह्याच्या हद्दीत आणि शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेत. महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादाने या भागाला पुष्कळ त्रास दिला. या एका विषयापुरता तरी दोन्ही बाजूंच्या विद्यापीठांचा, ग्रंथालयांचा आणि वनस्पतिसंग्रहांचा लाभ घेता येतो, हे सीमेवर राहण्याचे भाग्यच म्हणायचे.

आता वाचकांनी या विषयात शिरावे कसे? माझी सूचना अशी, की संशोधनाचा कोणताही निष्कर्ष समोर आला, की त्याला चार प्रश्न विचारावेत. पान कोणते? अर्क कसा काढला? जिवाणू कोणता? आणि मात्रा किती? या चारांतल्या एकाचेही उत्तर मिळाले नाही, तर तो निष्कर्ष तूर्त बाजूला ठेवावा.

पहिला प्रश्न पानाच्या ओळखीचा. बाजारात ‘ब्राह्मी’ म्हणून मागितले, तर कधी ओलसर जागी पसरणारी, लहान मांसल पानांची बाकोपा मोनिएरी मिळते, तर कधी गोलसर पानांची सेंटेला एशियाटिका. ही दुसरी संस्कृतात मंडूकपर्णी, कोकणात कारिवणा, कन्नडमध्ये ओंदेलग. दोन्ही वनस्पतींची कुळे वेगळी, रसायने वेगळी. एका नावाखाली दोघींचे निष्कर्ष मिसळले, तर सगळा प्रयोग वाया. म्हणून पान तोडण्याआधी फुलाफळासह डहाळी काढून, वर्तमानपत्रात दाबून, वाळवून ती वनस्पतिसंग्रहात नोंदवण्याचा शिरस्ता आहे. कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाचा असा संग्रह आहे. यादव आणि सरदेसाई यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेला कोल्हापूर जिल्ह्याचा वनस्पतिकोश निपाणीच्या अभ्यासकालाही हाताशी ठेवता येईल, कारण झाडे जिल्ह्याची हद्द पाहून उगवत नाहीत.

दुसरा प्रश्न अर्काचा, आणि माझ्या मते या क्षेत्रातला सर्वांत रसाळ. आयुर्वेदाने औषध काढण्याच्या पाच मूळ रीती सांगितल्या आहेत : स्वरस म्हणजे अंगरस, कल्क म्हणजे वाटून केलेला गोळा, क्वाथ म्हणजे काढा, हिम म्हणजे थंड पाण्यात रात्रभर भिजवून घेतलेले पाणी, आणि फांट म्हणजे उकळत्या पाण्यात टाकून गाळलेले. या रीतींत द्रावक लागलाच, तर तो पाणीच. प्रयोगशाळेत मात्र सावलीत वाळवलेल्या पानांची पूड बहुधा मिथेनॉल, इथेनॉल, इथाइल अॅसिटेट किंवा हेक्झेनमध्ये काढतात. पाण्यात साखरा, टॅनिने, सॅपोनिने उतरतात. मद्यार्कात फ्लेव्होनॉइडे आणि पुष्कळशी अल्कलॉइडे. हेक्झेनमध्ये मेण आणि तेलकट द्रव्ये. तेव्हा मिथेनॉलच्या अर्काने जिवाणू मारले म्हणून काढ्याचा गुण सिद्ध झाला, असे म्हणता येत नाही. काढा तपासायचा, तर काढाच करावा लागेल. तुळस किंवा पानओव्यासारख्या सुगंधी पानांत तर वाळवतानाच अर्धा गुण उडून जाण्याची भीती असते, कारण त्यांतली युजेनॉल, कार्व्हाक्रॉल, थायमॉल ही द्रव्ये बाष्पशील आहेत.

अर्काची रीत किती निर्णायक ठरते, याचे जगप्रसिद्ध उदाहरण चीनमधले आहे. हिवतापावर औषध शोधणाऱ्या थू योयो यांच्या गटाला आर्टेमिसिया अॅनुआ या वनस्पतीचे निष्कर्ष कधी चांगले, कधी वाईट असे मिळत होते. चौथ्या शतकातल्या गे हाँग यांच्या ग्रंथात ही वनस्पती पाण्यात भिजवून पिळून घ्यावी असे सांगितले आहे, उकळण्याचा उल्लेख नाही, हे त्यांनी हेरले. उष्णतेने गुण नष्ट होत असावा असा तर्क करून १९७१ साली त्यांनी कमी तापमानात इथरमध्ये अर्क काढला, आणि आर्टेमिसिनिनची वाट खुली झाली. २०१५ साली त्यांना नोबेल मिळाले. हा शोध जिवाणूंचा नसून परजीवीचा आहे; पण पानाचा अर्क काढणाऱ्या प्रत्येकाने तो वाचावा. जुन्या ग्रंथातली ‘कसे घ्यावे’ ही ओळ ‘काय घ्यावे’ इतकीच मोलाची असते.

तिसरा प्रश्न जिवाणूचा. १८८४ साली हान्स क्रिस्टियान ग्राम यांनी रंग देऊन जिवाणू ओळखण्याची जी रीत शोधली, तिने त्यांची ढोबळ दोन गटांत विभागणी झाली. जखमेत पू करणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस ग्राम-धन. मूत्रमार्गाच्या संसर्गात वारंवार भेटणारा ई. कोलाय, न्यूमोनियाचा क्लेब्सिएला आणि भाजलेल्या जखमांत हटून बसणारा स्युडोमोनास हे ग्राम-ऋण. ग्राम-ऋण जिवाणूंना बाहेरून आणखी एक पटल असते. शिवाय आत आलेले द्रव्य बाहेर उपसून टाकणारे पंप त्यांच्यात जोरकस असतात. त्यामुळे पानांचे अर्क बहुधा पहिल्या गटावर चांगले चालतात आणि दुसऱ्यासमोर थकतात. निष्कर्षांच्या तक्त्यात स्टॅफिलोकॉकसचाच आकडा मोठा दिसला, तर आश्चर्य वाटू देऊ नका. स्युडोमोनासपुढे एखादा अर्क टिकला, तर मात्र थांबून नीट वाचा.

चौथ्या प्रश्नाकडे वळण्याआधी प्रत्यक्ष प्रयोग डोळ्यांसमोर आणू. १८८१ साली फॅनी हेस्से यांनी सुचवलेले, समुद्री शेवाळापासून मिळणारे आगर आणि १८८७ साली युलियुस पेट्री यांनी वापरात आणलेली झाकणाची उथळ बशी, ही आजही या कामाची मुख्य साधने आहेत. आगरवर जिवाणूंचा एकसारखा थर द्यायचा, त्यावर अर्कात बुडवलेली सहा मिलिमीटरची कागदी चकती ठेवायची किंवा आगरला भोक पाडून त्यात अर्क भरायचा, आणि बशी रात्रभर ३५ ते ३७ अंशांवर ठेवायची. सकाळी जिवाणूंचा थर सगळीकडे पसरलेला असतो आणि गुणकारी अर्काभोवती स्वच्छ वर्तुळ राहिलेले असते. विद्यार्थी त्याला ‘झोन’ म्हणतात आणि पट्टीने त्याचा व्यास मोजतात.

हे वर्तुळ मोहक असते, म्हणूनच त्याच्याकडे सावधपणे पाहावे. द्रावक स्वतःच जिवाणू मारू शकतो. म्हणून नुसत्या द्रावकाची एक चकती त्याच बशीत हवी, आणि तुलनेसाठी ओळखीच्या प्रतिजैविकाचीही. मोठ्या रेणूंची किंवा पाण्यात न विरघळणारी द्रव्ये आगरमधून नीट पसरत नाहीत, त्यामुळे गुण असूनही वर्तुळ लहान राहते. टॅनिने प्रथिनांना घट्ट बांधतात, त्यामुळे तुरट पानांचा परिणाम कधी फसवा निघतो. तेव्हा वर्तुळाने होकार दिला किंवा नकार दिला, तरी त्यावर थांबू नये.

इथे मात्रेचा प्रश्न येतो. जिवाणूंची वाढ रोखायला अर्काचे कमीत कमी किती प्रमाण लागते, ते द्रवमाध्यमात पायरीपायरीने पातळ करत शोधतात. हीच किमान रोधक मात्रा. प्रयोगशाळेच्या बोलीत एमआयसी. ई. कोलायच्या जगभर वापरल्या जाणाऱ्या एका प्रमाण वाणाला रोखायला सिप्रोफ्लॉक्सासिन मिलिलिटरमागे ०.०१६ मायक्रोग्रॅमपर्यंत पुरते. वनस्पतींच्या कच्च्या अर्काच्या बाबतीत मात्र मिलिलिटरमागे एक मिलिग्रॅम, म्हणजे १००० मायक्रोग्रॅम, ही या क्षेत्रातल्या अनेक जाणत्यांनी शेवटची मर्यादा धरली आहे. त्याहून जास्त लागले, तर त्या अर्काला जिवाणुरोधक म्हणू नये असे ते सांगतात. दोन आकड्यांत साठ हजारांहून अधिक पटींचे अंतर आहे. अर्थात एकीकडे शुद्ध रेणू आहे, दुसरीकडे शेकडो द्रव्यांचे मिश्रण. दोघांना एकाच मापाने हिणवणे बरोबर नाही. पण हे अंतर माहीत असलेला वाचक ‘अमुक पान प्रतिजैविकाइतकेच प्रभावी’ अशा मथळ्याला भुलणार नाही.

चार प्रश्नांची उत्तरे मिळाली, तरी बशीपासून माणसापर्यंतची वाट उरतेच. बेळगावच्या माळावर माजलेली घाणेरी घ्या. तिच्या पानांचा अर्क जिवाणूंची वाढ रोखतो, हे अनेक प्रयोगांत दिसले आहे. आणि तीच पाने खाल्लेल्या गुरांचे यकृत बिघडते, हे गुराख्यांना आणि पशुवैद्यांना माहीत आहे. जिवाणूला मारणारे द्रव्य आपल्या पेशींना सोडेल का, हा प्रश्न म्हणूनच निराळा तपासावा लागतो. उलट बाजूने अडुळशाचे पान पाहा. त्यातल्या व्हॅसिसिनच्या अभ्यासातून पुढे ब्रोमहेक्सिन आणि अॅम्ब्रोक्सॉल ही कफ पातळ करणारी औषधे घडली. अडुळशाचा खोकल्यातला उपयोग जिवाणू मारण्यावर अवलंबून नाही. म्हणून आगरवर त्याचे वर्तुळ उमटले नाही, तर पानाला दोष देण्याचे कारण नाही. आपण चुकीच्या कसोटीवर त्याची परीक्षा घेतली, एवढाच त्याचा अर्थ.

मिश्रणाचाही स्वतंत्र विचार करावा. दारुहळदीच्या कुळातल्या वनस्पतींत बर्बेरीन असते. स्टॅफिलोकॉकस ते पंपाने बाहेर फेकतो, त्यामुळे एकटे बर्बेरीन दुबळे ठरते. पण २००० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले, की त्याच वनस्पतीत तो पंप बंद पाडणारे दुसरे द्रव्य असते, आणि ते स्वतः जिवाणूला मारत नाही. दोन्ही एकत्र आली, की काम होते. अर्कातले घटक सुटे करत गेले, की गुण हरवला असे वाटते, त्याचे एक कारण हे असू शकते. अखंड औषधावर भर देणारे वैद्य आणि शुद्ध रेणू मागणारे रसायनशास्त्रज्ञ यांनी एकमेकांचे ऐकून घेण्याजोगी ही जागा आहे.

हे वाचणारे तुम्ही विद्यार्थी असाल, तर दहा झाडांच्या मागे धावू नका. एकच झाड उन्हाळा, पावसाळा, हिवाळा असे तिन्ही ऋतूंत तपासा. वैद्य असाल, तर पान कधी तोडता, ओले घेता की सुके, कशात काढता, हे लिहून ठेवा. संशोधकाला त्याचीच सर्वाधिक गरज असते. शेतकरी असाल, तर बांधावरच्या पाल्याबद्दल तुमच्याशी बोलायला येणाऱ्याला त्याने तुमचे ज्ञान कुठे आणि कसे वापरायचे ठरवले आहे, हे खुशाल विचारा. २००२च्या जैवविविधता कायद्यात ज्ञान सांभाळणाऱ्यांच्या वाट्याचाही विचार केलेला आहे. आणि घरात कुणी तापाने फणफणले असेल, जखम चिघळली असेल, तर आधी डॉक्टर गाठा. या क्षेत्रातले जबाबदार संशोधकही तुम्हाला हेच सांगतील.

या अभ्यासाला आज सर्वांत जास्त उणीव आहे ती चांगल्या नोंदींची, आणि ती भरून काढायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. गावाचे नाव, तारीख, झाडाचे मराठी आणि कन्नड नाव, दाबून वाळवलेली डहाळी, घरातली वडीलधारी माणसे ते पान कसे वापरतात त्याची छोटीशी हकिगत, एवढे ज्याने प्रामाणिकपणे लिहिले, त्याने या क्षेत्रात पहिले पाऊल टाकले. बेळगाव-निपाणीच्या वाचकांनी अशी एक नोंद आपापल्या परसातून सुरू करावी. तिची परीक्षा घ्यायला तयार असलेले सूक्ष्मजीवशास्त्राचे विद्यार्थी सीमेच्या दोन्ही बाजूंना आहेत.